गळाला लागलेला मोठा जिताडा : घरी आणायचा की पाण्यात सोडायचा?

रविवारची संध्याकाळ झाली की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. खाडीच्या बांधावर उभा असलेला तरुण, दोन्ही हातांत पेलवत नाही एवढा जिताडा, आणि खाली ‘माशाअल्लाह’चा पाऊस. रायगड-रत्नागिरीच्या खाड्यांवर रॉड आणि रीळ घेऊन बसणारी हौशी मुले आता बरीच वाढली आहेत. मुंबई-पुण्याहून खास त्यासाठी गावी येणारेही आहेत.

या फोटोंखाली हल्ली वादही होऊ लागले आहेत. काही मुले म्हणतात, एवढा मोठा मासा मारायला नको होता, फोटो काढून सोडून द्यायचा. घरातले वडीलधारे म्हणतात, “अल्लाहने दिलेला रिज्क पाण्यात परत फेकायचा? ही कसली फॅशन?” दोन्ही बाजू मनापासून बोलतात, म्हणूनच हा विषय नीट समजून घ्यायला हवा असे आम्हाला वाटते.

मासा हलाल आहे, यात वाद नाही

आधी मूळ गोष्ट स्पष्ट करून घेऊ. मासा हलाल आहे आणि त्याला जबह करावे लागत नाही. कोकणातले आपण बहुतेक शाफई आणि घाटावरचे बहुतेक हनफी. खेकडा, कोळंबीबद्दल आपल्यात मतभेद असतील, माशाबद्दल नाहीत. आपोआप मरून पाण्यावर तरंगणारा मासा हनफी मसलकात खात नाहीत, एवढाच काय तो फरक. कुरआनच्या सूरह माइदामध्ये (आयत 96) तर एहरामच्या हालतीत जमिनीवरची शिकार मना केली, पण समुद्राची शिकार त्या हालतीतही मोकळी ठेवली.

आणि मोठ्या माशाचे म्हणाल तर त्याचा किस्सा सहीह बुखारी व मुस्लिममध्येच आहे. हजरत अबू उबैदा बिन जर्राह (रजि.) यांच्या नेतृत्वाखाली तीनशे सहाबा समुद्राकडे गेले होते. जवळचे अन्न संपत आले. माणशी रोज एक खजूर मिळू लागला, पुढे झाडाची पाने खाण्याची वेळ आली. तेव्हा समुद्राने ‘अंबर’ नावाचा प्रचंड मासा किनाऱ्यावर टाकला. त्याची बरगडी उभी केली तर खालून उंट जाईल एवढा मोठा. सहाबांनी तो कित्येक दिवस खाल्ला. मदीनेला परतल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तो अल्लाहने दिलेला रिज्क असल्याचे सांगितले आणि स्वतःही त्यातला तुकडा खाल्ला.

म्हणजे मोठा मासा खाणे गुन्हा आहे असे कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. पण या प्रसंगातली परिस्थितीही पाहा. तिथे भूक होती, तीनशे तोंडे होती, आणि मासा वाया गेला नाही. आपल्या रविवारच्या जिताड्याला हे तिन्ही लागू पडते का, हा खरा प्रश्न आहे.

मोठा जिताडा म्हणजे मादी

आता जिताड्याबद्दल थोडी माहिती. शाळेच्या पुस्तकात ही येत नाही, म्हणून पुष्कळांना ठाऊक नसते.

जिताडा जन्मतो तेव्हा जवळपास नेहमी नर असतो. तीन-चार वर्षांत, साधारण 55 ते 60 सेंटिमीटरचा झाला की तो नर म्हणून वयात येतो. काही वर्षे नर म्हणून प्रजननात भाग घेतल्यावर त्याचे लिंग बदलते आणि तो मादी होतो. ऑस्ट्रेलियात याच माशाला ‘बॅरामुंडी’ म्हणतात आणि तिथे त्याचा भरपूर अभ्यास झाला आहे. तिथल्या नोंदींनुसार हा बदल साधारण 80 ते 100 सेंटिमीटरच्या दरम्यान होतो. प्रत्येक पाण्यात हा आकडा थोडा पुढे-मागे होतो, पण नियम तोच.

याचा सरळ अर्थ असा की फोटोतला तो आठ-दहा-पंधरा किलोचा जिताडा बहुधा मादी असतो. कित्येक वर्षे जाळी, गळ आणि दूषित पाण्यातून वाचून ती त्या आकाराला पोहोचलेली असते. पावसाळ्याच्या सुमारास असे जिताडे खाडीच्या तोंडाशी अंडी घालायला येतात. एका मोठ्या मादीची अंडी कोटीच्या घरात जातात. त्यातली फार थोडी पिल्ले जगतात, आणि तीच पुढे खाजणात व खाडीत वाढतात.

मग कोणी म्हणेल, एका मोठ्या मादीऐवजी चार लहान माद्या अंडी घालतीलच की! पण माशांचा हिशेब तसा चालत नाही. 2018 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात अटलांटिक समुद्रातल्या कॉड माशाचे उदाहरण दिले आहे. 30 किलोची एक मादी जेवढी अंडी घालते, तेवढी 2 किलोच्या 28 माद्या मिळूनही घालत नाहीत. त्या 28 जणींचे वजन 56 किलो भरते, तरीही. जिताड्यात तर लहान मादी जवळपास नसतेच. मोठे सगळे संपले तर मादीच उरणार नाही.

हेकरूचे याच्या उलट आहे. त्याच्या अनेक जाती आधी मादी असतात आणि मोठ्या झाल्यावर नर होतात. तिथे मोठे मासे काढत गेलो तर नर कमी पडतात. दोन्हीकडे नुकसान मोठ्यांना उचलण्यानेच होते.

म्हणूनच ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात जिताड्यासाठी दोन मर्यादा आहेत. 58 सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवायचा नाही आणि 120 सेंटिमीटरपेक्षा मोठाही ठेवायचा नाही. आपल्या महाराष्ट्रात 2023 साली 54 प्रजातींसाठी किमान आकार ठरवण्यात आला, ही चांगली सुरुवात आहे. पण तो लहान माशांच्या रक्षणासाठी आहे. मोठ्यांचे काय करायचे हे सध्या तरी ज्याच्या त्याच्या जाणिवेवर आहे.

मग पकडून सोडणे हाच उपाय?

इथे दुसरी बाजूही पाहायला हवी. परदेशी व्हिडिओ पाहून काही मुले दिवसभरात दहा-पंधरा मासे गळाला लावतात, प्रत्येकाचा फोटो काढतात आणि सगळे सोडून देतात. ‘आम्ही मारत नाही’ याचा त्यांना अभिमान असतो. पण माशाच्या तोंडात गळ रुततो, तो जिवाच्या आकांताने झुंजतो, दमून जातो. हे सगळे नुसत्या मजेसाठी?

जिवंत प्राण्याला नेमबाजीचे निशाण बनवण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. चिमणीसारख्या लहान जिवालाही हक्काशिवाय मारले तर त्याचा जाब द्यावा लागेल, असे हदीसमध्ये आले आहे. आणि तो हक्क कोणता, तर खाण्यासाठी मारणे. मारून फेकून देणे नव्हे. याच आधारावर अनेक आलिमांनी निव्वळ खेळासाठी केलेली शिकार नापसंत केली आहे. म्हणून वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. मासा पकडायचा तो खाण्यासाठी, ही आपली जुनी रीतच बरोबर आहे.

दोन्ही गोष्टी जुळवल्या तर रस्ता सापडतो. खाण्याच्या नियतीने गळ टाकावा. घराला पुरेल असा मध्यम मासा मिळाला की थांबावे. अडीच ते पाच किलोचा जिताडा एका कुटुंबाला भरपूर होतो. खूप लहान किंवा खूप मोठा मासा चुकून लागला तर तो लगेच, फार न हाताळता सोडावा. मोठा मासा मिळवण्यासाठीच मुद्दाम मोहीम काढू नये.

पोट आणि हौस यांत फरक आहे

हे सगळे आम्ही हौशी मंडळींना सांगत आहोत. ज्यांचे घर मासेमारीवर चालते, त्यांना हा उपदेश करण्याचा हक्क आपल्याला नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये पालघरच्या मुरबे गावातल्या एका मच्छीमाराला एकाच फेरीत दीडशेहून जास्त घोळ मिळाले आणि त्यांचे एक कोटीहून अधिक रुपये आले, ही बातमी सर्वांनी वाचली असेल. घोळीच्या भोताला परदेशात मोठी किंमत आहे. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार आणि रिकाम्या फेऱ्या सोसणाऱ्या माणसाला ‘मोठा मासा सोड’ म्हणणे सोपे आहे, त्याच्या जागी उभे राहणे अवघड आहे.

पण महिन्याचा पगार घेणाऱ्या, घरी फ्रिजमध्ये मटण-चिकन असणाऱ्या माणसाचा जिताडा त्याच्या गरजेचा नसतो. तो फोटोसाठी असतो, शेजारच्या गावातल्या मित्राच्या माशापेक्षा दोन किलो जास्त भरावा यासाठी असतो. फुशारकी आणि इसराफ, दोन्हींपासून कुरआनने आपल्याला सावध केले आहे. खा, प्या, पण हद्द ओलांडू नका, ही शिकवण सूरह आराफमध्ये (आयत 31) आहे.

तळ्यातल्या जिताड्याची गोष्टही वेगळी. पेण-अलिबागच्या खारेपाटात शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तळ्यात जिताडा वाढवतात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यपालन संस्थेने 1997 साली या माशाचे प्रजनन बंदिस्त जागेत करून दाखवले, तेव्हापासून हॅचरीतले बीजही मिळू लागले. दावतीला किंवा वलीम्याला मोठाच जिताडा हवा असेल तर असा तळ्यातला घ्यावा. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात आणि खाडीतली मादी वाचते.

शनिवारवाल्यांची गोष्ट

याच सूरह आराफमध्ये पुढे (आयत 163) समुद्रकाठच्या एका वस्तीचा उल्लेख आहे. त्यांना शनिवारी मासे धरायला बंदी होती. आणि मासे नेमके शनिवारीच पाण्यावर दिसत, इतर दिवशी येत नसत. ती त्यांची परीक्षा होती. त्यात काही लोक हद्द ओलांडून गेले.

आम्ही हा किस्सा वाचतो तेव्हा आम्हाला आपला पावसाळा आठवतो. 1 जूनपासून समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, कारण तो अंडी घालण्याचा काळ. आणि नेमक्या त्याच दिवसांत पहिल्या पावसाबरोबर वलगणीचे मासे ओढ्यांतून, शेतांतून वर चढतात. गाभोळीने पोट भरलेले, हाताने धरता येतील एवढे सोपे. मासा सर्वात सोपा असतो तेव्हाच संयमाची परीक्षा असते. सरकारी बंदी आणि शनिवारचा हुकूम एक नाहीत, तशी बरोबरी आम्ही करत नाही. पण हाताशी आलेले सगळे उचलायचे नसते, हा धडा दोन्हीकडे मिळतो.

घरात ठेवण्यासारख्या काही गोष्टी

1. मोठा मासा सोडायचा असेल तर शक्यतो पाण्यातच गळ काढावा. हात ओले करावेत. कल्ल्यात बोटे घालून मासा उभा लटकवू नये. वजनाने त्याच्या आतल्या अवयवांना इजा होते. गळ खोल गिळला असेल तर ओढू नये, दोरी तोंडाजवळ कापावी.

2. खोल पाण्यातून वर ओढलेल्या माशाचा आतला फुगा फुगतो, हेकरूमध्ये हे नेहमी दिसते. असा किंवा रक्तस्राव होणारा मासा सोडला तरी बहुधा मरतो. तो घरी आणावा आणि खावा. मरणारा मासा पाण्यात टाकणे ही दया नव्हे.

3. ठेवायचा मासा तडफडत ठेवू नये. प्रत्येक कामात, जबह करतानासुद्धा, एहसान करावा ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. माशाला जबह नसले तरी डोक्यावर नेमका एक घाव घालून त्याचा त्रास लवकर संपवता येतो. त्याने मासा हरामही होत नाही.

4. मोठा मासा घरी आलाच तर त्याच दिवशी शेजाऱ्यांत वाटावा. कालवणात पाणी वाढवा पण शेजाऱ्याला द्या, असे सांगणारा आपला दीन आहे. महिनाभर फ्रीजरमध्ये पडून शेवटी फेकला जाणारा मासा म्हणजे सरळ इसराफ.

5. मोठ्या, वयस्कर शिकारी माशांच्या अंगात पारा जास्त साठतो, कारण ते आयुष्यभर लहान मासे खात असतात. गरोदर बाया आणि लहान मुलांसाठी बांगडा, तारली यांसारखी लहान मच्छी जास्त चांगली.

“एका माशाने काय होणार?”

शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारतात. ट्रॉलर समुद्र खरवडतात, एलईडी दिवे लावून मासेमारी होते, कारखान्यांचे पाणी खाडीत येते. मग माझ्या एका जिताड्याने काय फरक पडणार? तक्रार खरी आहे आणि ती ग्रामसभेत, मत्स्यव्यवसाय खात्यात मांडलीच पाहिजे. पण दुसऱ्याचे पाप मोठे म्हणून आपले लहान कृत्य माफ होत नाही. कयामत समोर दिसत असली आणि हातात रोप असले तर ते लावून टाका, असे सांगणाऱ्या नबींचे (स.) आपण उम्मती आहोत.

आणि एका माशाने फरक पडतो असे उदाहरणही कोकणातच आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथे वरदायिनी देवीच्या श्रद्धेपोटी गावकरी डोहातले महसीर मासे पकडत नाहीत, आणि आजूबाजूला हा मासा दुर्मीळ झाला तरी त्या डोहात तो झुंडीने दिसतो. त्यांची श्रद्धा वेगळी, आपला अकीदा वेगळा. पण लोकांनी हात आवरला तर मासा टिकतो, हे तिथे डोळ्यांनी पाहता येते.

आपल्याला तर हात आवरण्यासाठी दुसरे कारण शोधायलाच नको. जमीन-पाणी ही अल्लाहची अमानत आहे आणि आपण तिचे खलीफा आहोत, हे आपण मुलांना मकतबमध्ये पहिल्यापासून शिकवतो. पुढच्या रविवारी मुलगा खाडीवर निघाला तर त्याच्या पिशवीत एक मोजपट्टीही द्या. कुठला मासा आणायचा आणि कुठला सोडायचा, हे त्याच्याशी आधीच बोलून ठेवा. त्याच्या मुलांनाही खाडीत जिताडा मिळावा, इन्शाअल्लाह.