गाडीची ब्रेक लाईन घरी बदलताना: पाइप, जोड आणि हवा

वर्कशॉपच्या तासाला मी एक प्रश्न हमखास विचारतो. ब्रेक पाइपाच्या जोडातून होणारी गळती कोण थांबवते? बहुतेक जण म्हणतात, "नटाचे आटे." हे उत्तर चुकीचे आहे. परीक्षेत त्याने एक गुण जातो, पण घरी गाडीखाली काम करताना हीच समजूत जिवावर बेतू शकते. म्हणून आधी तत्त्व आणि मग कृती, या क्रमाने जाऊ.

१. पाइपात दाब किती असतो?

पायाचे बल ३०० न्यूटन आणि पेडलचे गुणोत्तर ४ धरा. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १२०० न्यूटन बल येते. दट्ट्याचा व्यास २० मि.मी. असेल तर क्षेत्रफळ ३१४ चौ.मि.मी. होते आणि दाब सुमारे ३८ बार. टायरमधली हवा साधारण २ बार असते, हे लक्षात घ्या. शिवाय या गणितात बूस्टर धरलेला नाही. बूस्टरसह जोरात ब्रेक मारल्यास दाब १०० बारच्या आसपास जाऊ शकतो. हा सगळा दाब पेलणाऱ्या पाइपाचा बाह्य व्यास बहुधा ४.७५ मि.मी. असतो आणि भिंत अवघी ०.७ मि.मी. जाडीची.

२. पाइप कुठे सडतो?

मूळ पाइप दोन पदरी पोलादाचा असतो आणि त्यावर संरक्षक लेप असतो. गाडीच्या पोटाखाली तो क्लिपांनी धरलेला असतो. क्लिपमागे चिखल साचतो, ओल टिकते, लेप घासला जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो. किनारपट्टीवर खारी हवा त्यात भर घालते. म्हणून तपासताना क्लिप सोडवून मागे पाहा.

एक धोका लक्षात ठेवा. आजच्या गाड्यांत ब्रेकची दोन स्वतंत्र मंडले असतात. एक फुटले तरी दुसरे काम करते, पेडल खोल जाते, पण गाडी थांबते. "थांबतेय ना, मग चालवू" असे म्हणणारा माणूस निम्म्या ब्रेकवर फिरत असतो.

३. गळती कोण थांबवते?

पाइपाचे टोक फुलवलेले असते. त्याला फ्लेअर म्हणतात. नट हे टोक समोरच्या शंकूच्या आकाराच्या बैठकीवर दाबून धरतो. धातूवर धातू घट्ट बसतो आणि तिथेच गळती थांबते. आटे फक्त दाबण्याचे काम करतात. म्हणून नळजोडणीच्या सवयीने इथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. त्याने गळती थांबत नाही आणि टेपचे तुकडे आत जाऊ शकतात.

फ्लेअरचे दोन प्रकार मुख्य आहेत. डबल फ्लेअरमध्ये टोक आत दुमडून ४५ अंशांचा दोन पदरी शंकू करतात. बबल फ्लेअरमध्ये टोकाला फुगवटा असतो. एकाच्या जागी दुसरा बसवता येत नाही. जुना पाइप काढला की त्याचे टोक नीट पाहा आणि तसेच टोक नव्या पाइपाला हवे. गंजलेला तुकडा कापून मध्ये रबरी नळी किंवा साधा जोड घालणे, ही दुरुस्ती नव्हे.

४. बदलण्याचा क्रम

गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या, चाकांना ठोकळे लावा आणि गाडी घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका.

नटावर गंज सोडवणारे तेल मारून थांबा. साध्या पान्याने नटाचे कोपरे झिजतात, म्हणून फ्लेअर नटचा पाना वापरा. तो सहापैकी पाच बाजू धरतो. जोड सोडण्यापूर्वी पेडल दांडीने थोडे दाबून अडकवून ठेवा. मास्टर सिलिंडरमधले छिद्र झाकले जाते आणि टाकी रिकामी होत नाही. उघड्या तोंडांवर रबरी टोपी लावा.

जुना पाइप नमुना म्हणून जपा. नवा पाइप पोलादाचा किंवा तांबे-निकेल मिश्रधातूचा घ्या. शुद्ध तांबे नको, कारण कंपनांनी ते कडक होऊन तडकते. लांबी सुतळीने मोजा, पाइप कटरने कापा आणि कडेचा भुगा साफ करा. आता नट आधी ओवा, मग टोक फुलवा. पहिल्या वेळी मी हेच विसरलो होतो आणि सुरेख जमलेले टोक कापून टाकावे लागले. आधी टाकाऊ तुकड्यांवर सराव करा. टोक तिरपे किंवा तडकलेले दिसले तर पुन्हा करा.

पाइप बेंडरने वाकवा, आतून हवा मारून स्वच्छ करा. नट पहिले काही फेरे हाताने फिरवा, मग पुस्तिकेतल्या टॉर्कइतका आवळा. पाइप सायलेन्सरपासून आणि हलणाऱ्या भागांपासून दूर राहिला पाहिजे. सगळ्या क्लिपा परत लावा.

५. हवा काढणे

समजा, आत २ घ.सें.मी. हवा राहिली. ३८ बार दाबाला ती जवळजवळ नाहीशी होते, पण तेवढ्यासाठी दट्ट्या सुमारे ०.६ सें.मी. आणि पेडल सुमारे २.५ सें.मी. फुकट जाते. पेडल 'स्पंजी' लागते ते यामुळे.

जोडीदाराला पेडल सावकाश दाबून धरायला सांगा. तुम्ही निपल सैल करा, बुडबुडे पारदर्शक नळीतून बाटलीत जाऊ द्या, निपल बंद करा आणि मगच पेडल सोडायला सांगा. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा, म्हणजे सील सिलिंडरच्या गंजलेल्या भागापर्यंत जाणार नाही. टाकीतली पातळी सतत पाहा. चाकांचा क्रम पुस्तिकेप्रमाणे घ्या.

ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते बहुतेक गाड्यांत खनिज तेल नसून ग्लायकॉलवर आधारित द्रव असते. ते हवेतली ओल शोषते. डॉट-४ चा किमान उत्कलनबिंदू नव्याने २३० अंश से. असतो, ओल शोषल्यावर १५५. म्हणून उघडा पडलेला जुना डबा वापरू नका. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा.

६. कुठे थांबायचे?

इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा. ते हळूहळू खाली जाऊ नये. प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून पाहा. मगच मोकळ्या मैदानात अगदी सावकाश चाचणी घ्या. एबीएस युनिटमध्ये हवा शिरली असेल तर ती काढायला अनेकदा स्कॅनर लागतो. तिथे, किंवा टोक मनासारखे जमत नसेल तिथे, थांबा. गाडी स्वतः चालवत गॅरेजला नेऊ नका, ओढून न्या किंवा मेकॅनिकला घरी बोलवा.

स्वाध्याय

१) मास्टर सिलिंडरचा व्यास २० ऐवजी २२ मि.मी. केला, तर वरच्या उदाहरणात दाब किती होईल?
२) नट प्रमाणाबाहेर आवळला तर गळती कमी होईल की वाढेल? बैठकीचा विचार करून कारण लिहा.
३) पेडल सोडल्यावर निपल बंद केला तर काय होईल?