रोपांच्या दिव्याला हवा मोजका करंट

कांदिवली साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर वसली आहे. त्यामुळे इथे वर्षातून दोनदा, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यात, भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. डिसेंबरात दक्षिणेच्या खिडकीतून थेट खोलीत शिरणारे ऊन या दिवसांत आत येत नाही. त्यातच जून उजाडला की ढग दाटतात. समोर हाकेच्या अंतरावर दुसरा टॉवर उभा असेल, तर ग्रिलमधली तुळस लांबट आणि फिकट होत जाते. तिची पेरे वाढतात, पाने मात्र लहान राहतात.

कांदिवलीतल्याच चारकोपच्या जुन्या घरांत हा प्रश्न आणखी जाणवतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ पासून राबवलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात इथे लहान लहान भूखंड आखून दिले गेले. भिंतीला भिंत लागून घरे झाली, पुढे अनेकांवर मजले चढले. अशा घराच्या तळमजल्यावर उजेड येतो तो मुख्यतः दारातून. तिथे कुंडी ठेवायची, तर दिवाही लावावा लागतो.

पण माणसाला पुरतो तो उजेड झाडाला पुरत नाही. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. रात्री ट्यूबलाइट लावलेल्या बैठकीच्या खोलीत तो शे-दोनशे, फार तर तीनशे लक्स असतो. डोळा या प्रचंड फरकाशी सहज जुळवून घेतो, म्हणून खोली आपल्याला लख्ख वाटते. पानाला ही सोय नाही. हरितद्रव्यावर जितके प्रकाशकण पडतील, तितकीच साखर तयार होणार. पोथोस, म्हणजे आपला मनीप्लँट, कमी उजेडात तग धरतो. तुळस, टोमॅटो, मिरची यांना ते जमत नाही.

प्रकाशसंश्लेषणासाठी पाने साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. हरितद्रव्य त्यातला निळा आणि तांबडा भाग सर्वांत जास्त शोषते, म्हणून झाडांचे दिवे पूर्वी जांभळट दिसायचे. मात्र १९७२ साली के. जे. मॅक्री यांनी २२ जातींच्या वनस्पतींच्या पानांवर केलेल्या मोजमापांतून हिरवा प्रकाशही बऱ्यापैकी उपयोगी पडतो हे स्पष्ट झाले. त्यामुळे पालेभाजीसाठी साधा पांढरा एलईडी चालतो. शिवाय त्याच्या उजेडात पानावरची कीड किंवा पिवळेपणा वेळीच दिसतो. जांभळ्या उजेडात पान काळपट दिसते आणि रोग लपून राहतो.

तांबडा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये बनवला. निळ्यासाठी जगाला आणखी तीस वर्षे थांबावे लागले. इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना त्याबद्दल २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आजचा पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळी चिपच असते. तिच्यावरचा फॉस्फरचा थर काही निळ्या प्रकाशाचे पिवळ्या-तांबड्यात रूपांतर करतो. अंतराळयानात १९९५ साली बटाट्याची रोपे एलईडीखाली वाढवली गेली आणि ऑगस्ट २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या अंतराळवीरांनी तिथेच उगवलेला लेट्यूस खाल्ला. याच काळात भारतात उजाला योजनेमुळे एलईडी बल्बची सरकारी खरेदी किंमत २०१४ च्या ३१० रुपयांवरून २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आली. दिवा स्वस्त झाला आणि घरच्या घरी प्रयोग करणे अनेकांच्या आवाक्यात आले.

खरे कौशल्य लागते ते या दिव्याला वीज पुरवताना. घरातली वीज २३० व्होल्टची आणि प्रत्यावर्ती असते. एका पांढऱ्या एलईडीला लागतात जेमतेम ३ ते ३.४ व्होल्ट, तांबड्याला दोनच्या आसपास, आणि तेही एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचे. त्यातही अडचण अशी, की व्होल्टेज थोडेसे वाढले तरी एलईडीतला करंट कितीतरी पटींनी वाढतो. एलईडी तापला की तेवढाच करंट वाहायला त्याला आधीपेक्षा कमी व्होल्ट पुरतात. व्होल्टेज स्थिर ठेवले तर करंट आणखी वाढतो, त्याने उष्णता वाढते आणि हे चक्र एलईडी जळेपर्यंत चालू राहते. म्हणून एलईडीला आधी करंट मोजून द्यावा लागतो.

त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, स्थिर करंट देणारा ड्रायव्हर. एक वॉटचे दहा पांढरे एलईडी एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले, तर प्रत्येकी ३.२ धरून ३२ व्होल्ट लागतात. ३०० मिलिअँपिअरचा, २४ ते ४२ व्होल्टच्या पल्ल्यातला ड्रायव्हर ही माळ व्यवस्थित चालवतो. माळेत सगळ्यांतून एकच करंट वाहतो, त्यामुळे कुणावर जादा भार येत नाही. हेच एलईडी समांतर जोडले, तर ज्याचे व्होल्टेज किंचित कमी तो इतरांच्या वाट्याचा करंट ओढतो आणि आधी जातो.

दुसरा मार्ग बारा व्होल्टच्या एलईडी पट्टीचा, आणि नवख्यासाठी तो जास्त सोपा. या पट्टीत तीन-तीन एलईडींचे गट असतात आणि प्रत्येक गटासोबत रेझिस्टर असतो. तीन एलईडींना ९.६ व्होल्ट लागले, तर उरलेले २.४ व्होल्ट रेझिस्टर पेलतो आणि करंटला लगाम घालतो. म्हणजे पाचवा हिस्सा वीज उष्णता होऊन वाया जाते. सोपेपणासाठी मोजावी लागणारी ही किंमत आहे.

दोन फूट लांब आणि एक फूट रुंद ट्रेचा हिशोब पाहू. मीटरला ६० एलईडींची, १४.४ वॉटची पट्टी दोन मीटर घेतली, तर होतात सुमारे २९ वॉट. बारा व्होल्टवर त्याला २.४ अँपिअर लागतात. घरच्या विजेतून हे बारा व्होल्ट देणारा अ‍ॅडॉप्टर तेवढ्याच क्षमतेचा घेतला तर तो सतत तापत राहतो. तीन अँपिअरचा घेतला, तर भार ऐंशी टक्क्यांवर राहतो. पट्टी अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या चार तुकड्यांत, छापलेल्या रेषेवरच कापायची, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवायची आणि चारही तुकड्यांना अ‍ॅडॉप्टरपासून स्वतंत्र वायर द्यायची. गटागटात रेझिस्टर असल्याने इथे समांतर जोडणी चालते. लांबलचक पट्टी एकाच टोकाने जोडली, तर तांब्याच्या पातळ थरात व्होल्टेज घटते आणि दूरचे टोक मंद पडते. पत्रा उष्णता बाहेर टाकतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात, जेव्हा खोलीच तिशीपार असते, तेव्हा तो नसेल तर पट्टीचे आयुष्य झपाट्याने घटते.

असा दिवा रोपांच्या वर वीतभर अंतरावर टांगला, तर मेथी, मोहरीची कोवळी रोपे, पुदिना यांना पुरेसा प्रकाश मिळतो. टोमॅटोला फळे धरायला मात्र तो अपुरा पडतो. सुटे एलईडी, ड्रायव्हर, एसएमपीएस हे सारे ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मिळते आणि कांदिवलीहून धीम्या लोकलने थेट तिथे उतरता येते.

एक प्रयोग मात्र कुणीही करू नये. जादा उजेड मिळावा म्हणून घरगुती एलईडी बल्बचे पांढरे झाकण काढून आतली चकती उघडी वापरली जाते. अनेक स्वस्त बल्बांत ड्रायव्हर वेगळा नसतोच, किंवा असला तरी तो घरच्या विजेपासून विलग केलेला नसतो. अशा चकतीच्या कुठल्याही टाक्यावर प्राणघातक व्होल्टेज असू शकते. पाणी घालणारा ओला हात तिथे लागला तर जीवघेणा अपघात होऊ शकतो. ड्रायव्हर किंवा अ‍ॅडॉप्टर ‘आयसोलेटेड’ असल्याची खात्री करावी आणि अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. सोल्डर केलेल्या प्रत्येक जोडावर स्लीव्ह चढवावी. अ‍ॅडॉप्टर कुंडीच्या वरच्या बाजूला, पाणी उडणार नाही असा ठेवावा आणि वायरला सॉकेटच्या आधी खाली झोल द्यावा, म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत जाण्याऐवजी तिथूनच गळून पडेल.

विजेचा खर्च फारसा नाही. २९ वॉटचा दिवा रोज बारा तास चालला, तर महिन्याला साडेदहा युनिटच्या आसपास वीज लागते. युनिटला दहा रुपये धरले तरी शंभर-सव्वाशे रुपये होतात. बारा-चौदा तासांनी दिवा बंद व्हावा यासाठी टायमर लावणे उत्तम, कारण अंधारही झाडाला काही सांगत असतो. शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते. म्हणून पॉलिहाऊसमधले शेतकरी रात्री दिवे लावून तिचा बहर हवा तेवढा लांबवतात. ड्रॅगन फ्रूटचे उलट आहे. त्याला मोठा दिवस लागतो आणि राज्यातले काही शेतकरी बागेत रात्री एलईडी लावून बिगरहंगामी फुले आणतात. घरातल्या शेवंतीवर रात्री उशिरापर्यंत दिवा राहिला, तर ती हिरवीगार दिसेल, पण फुलणार नाही.

सोल्डरिंगची सवय नसलेल्यांनी वीस वॉटची तयार एलईडी ट्यूब पट्टी घ्यावी आणि ती रोपांवर फूटभर उंचीवर बसवावी. पानांना त्यानेही फरक दिसतो. स्वतः जोडणाऱ्यांनी मल्टिमीटरने माळेतला करंट मोजल्याशिवाय दिवा रात्रभर चालू ठेवू नये. आणि दोघांनीही घरच्या वीज बोर्डात गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, त्याचे चाचणी बटण दाबल्यावर तो पडतो का आणि त्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे परवानाधारक वायरमनकडून आधी तपासून घ्यावे.