काचेच्या पेटींतील समुद्र

ठाणें, कल्याण आणि डोंबिवली हीं तिन्ही गांवें खाडीच्या कांठीं वाढलेलीं. असें असूनही समुद्रांतील मासा घरीं काचेच्या पेटींत जिवंत राखणें हें गोड्या पाण्यांतील मासा राखण्याहून फार अवघड. तें कां, व ही अडचण उत्तरोत्तर कशी दूर होत गेली, हें वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पाण्याचा विचार करूं. खुल्या समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. आमच्या खाडींत हें प्रमाण स्थिर नसतें. पावसाळ्यांत उल्हास नदीचें व नाल्यांचें पाणी मिसळलें म्हणजे खारटपणा झपाट्यानें उतरतो. खाडींतील निवटी हा फेरफार सोसते. पोवळ्यांच्या खडकांत राहणाऱ्या माशास तो सोसत नाहीं. बरें, नळाच्या पाण्यांत स्वयंपाकाचें मीठ घालावें, तर तेंही चालत नाहीं. कारण समुद्राच्या पाण्यांत मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादिकांचे क्षारही ठराविक प्रमाणांत असतात.

म्हणून आरंभीं हा छंद समुद्राशेजारींच वाढला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. मुंबईस समुद्राच्या समोरच तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें उघडण्यांत आलें. पुढें १९६० नंतरच्या दशकांत कृत्रिम समुद्रक्षार परदेशांत विक्रीस आले, आणि समुद्रापासून दूरच्या घरांतही समुद्राचें पाणी तयार करण्याची सोय झाली.

परंतु पाणी साधलें तरी मासे मरतच. याचें कारण डोळ्यांस दिसणारें नव्हतें. मासा श्वासावाटे व मलावाटे अमोनिया बाहेर टाकतो, आणि तें त्याला विष आहे. निसर्गांत एका जातीचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करितात, व दुसऱ्या जातीचे त्यापासून बरेंच निरुपद्रवी असें नायट्रेट बनवितात. नव्या पेटींत हे जंतु वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. ज्या दिवशीं पेटी भरली त्याच दिवशीं मासे सोडले, तर त्यांचा घात ठरलेलाच. हें उमगल्यावर वाळूखालून पाणी फिरविण्याची युक्ति निघाली. १९६१ सालीं इंडोनेशियांतील ली चिन एंग यांनीं समुद्रांतील जिवंत खडक पेटींत ठेवण्याची पद्धति प्रसिद्ध केली. गुळाच्या काहिलींतील मळी काढावी तशी पाण्यांतील घाण फेसावाटे काढणारें यंत्रही पुढें प्रचारांत आलें. ही सर्व व्यवस्था विजेवर चालते. वीज बराच वेळ गेली कीं पाण्यांतील प्राणवायु घटूं लागतो. यास्तव बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असणें अवश्य होय.

साधनें सुधारलीं तशी हांवही वाढली. फिलिपाइन्सकडे १९६० नंतर सायनाइडनें मासे गुंगवून पकडण्याचा घातक प्रकार सुरू झाला, व त्यानें पोवळ्यांचे खडकही मेले. आपल्या देशांत २००१ सालीं खडक बांधणारीं पोवळीं व समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत घालण्यांत आले. तीं समुद्रांतून काढणें वा विकणें हा गुन्हा होय. ज्यांस हा छंद धरावयाचा असेल त्यांनीं बंदिस्त जागेंत पैदा केलेले मासेच घ्यावे. विदूषक मासा, ज्यास क्लाउनफिश म्हणतात, याची अशी पैदास आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेंही साधली आहे.

या इतिहासाचें सार एवढेंच कीं, जो पाणी राखतो तोच मासा राखतो. पेटींतील घाण जंतूंच्या शक्तीबाहेर गेली कीं मासे मरतात. खाडीचाही नियम हाच. ठाण्याच्या खाडीस २०२२ सालीं रामसर पाणथळ प्रदेशांच्या यादींत स्थान मिळालें. पेटींतील दहा घागरी पाण्याची आपण जी चिंता वाहतों, तिचा अल्पांश जरी त्या खाडीच्या वांट्यास आला, तरी निवटीस व तिजवर उपजीविका करणाऱ्या पक्ष्यांस तो पुष्कळ होईल.