बशीतला शेजारधर्म

१९१७ साली कॅनडातल्या विनिपेगमध्ये चार्ल्स हंटर यांनी दोन भावांच्या एका विचित्र आजाराची नोंद केली. दोन वर्षांनी म्युनिकच्या गर्ट्रुड हुर्लर यांनी तसाच, पण अधिक घातक आजार नोंदवला. राठ होत जाणारा चेहरा, आखडलेले सांधे, फुगलेलं पोट. हुर्लर आजाराची मुलं बहुधा दहा वर्षांची होण्याआधीच जायची. पुढची पन्नास वर्षं डॉक्टरांकडे आजाराचं नाव होतं, औषध नव्हतं.

वळण आलं १९६८ साली, अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत. एलिझाबेथ न्यूफेल्ड मूळच्या वनस्पतींमधल्या शर्करांच्या अभ्यासक. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या त्वचेतल्या पेशी बशीत वाढवल्या आणि त्यांच्या खाद्यात किरणोत्सारी गंधक घातलं. शर्करांच्या ज्या लांब साखळ्या या आजारात साठतात, त्यांत हे गंधक गुंफलं जातं, त्यामुळे त्यांचा हिशेब ठेवता येतो. निरोगी पेशींत साठा थोडा वाढून थांबला. रुग्णांच्या पेशींत तो चढतच राहिला. या पेशी साखळ्या गरजेपेक्षा जास्त बनवत असाव्यात, असा तोवरचा कयास होता. हिशेब वेगळंच सांगत होता. नळ सुटलेला नव्हता, मोरी तुंबली होती.

मग एकाच बशीत हुर्लरच्या आणि हंटरच्या पेशी एकत्र वाढवल्या आणि दोन्हींचा साठा उतरला. इतकंच काय, एका आजाराच्या पेशी ज्या द्रवात वाढल्या होत्या तो नुसता दुसऱ्या आजाराच्या पेशींना दिला तरी काम भागत होतं. साखळ्या तोडणारं, एकीकडे नसलेलं एन्झाइम दुसरीकडून पाझरत होतं आणि शेजारीण ते उचलून घेत होती. उपचार शक्य आहे याचा पहिला पुरावा असा बशीत मिळाला: बाहेरून दिलेलं एन्झाइम पेशी आत घेते.

हीच कसोटी मग निदानालाही लागली. शाय नावाचा आजार हुर्लरहून बराच सौम्य; त्यात बुद्धी शाबूत राहते. पण शाय आणि हुर्लरच्या पेशी एकमेकींच्या कामी येईनात. उणीव एकच असेल तर कोण कोणाला काय देणार? एकाच एन्झाइमच्या दोषाची ती दोन रूपं निघाली. १९७२ साली त्या एन्झाइमची ओळख पटली: आयड्युरोनिडेज.

त्याच वर्षी आय-सेल नावाच्या आणखी दुर्मीळ आजाराने कोडं घातलं. या पेशी एन्झाइमं बाहेर सोडत, पण इतर पेशी ती आत घेईनात. न्यूफेल्ड आणि त्यांचे सहकारी हिकमन यांनी अनुमान काढलं, की पाकीट आहे, पत्ता नाही. विल्यम स्लाय यांच्या गटाने १९७७ मध्ये तो पत्ता वाचला: मॅनोज-६-फॉस्फेट.

तत्त्व कळलं, तरी बशीतून बिछान्यापर्यंतचा रस्ता लांबच होता. १९८० साली लंडनमध्ये हुर्लरच्या एका मुलाला दुसऱ्याची अस्थिमज्जा देण्यात आली. तीही एका अर्थी एन्झाइम पाझरणारी शेजारीणच. शुद्ध एन्झाइम पुरेसं बनवायला मात्र जनुक-तंत्राची वाट पाहावी लागली. अशा बनवलेल्या आयड्युरोनिडेजला, म्हणजे लॅरोनिडेजला, अमेरिकेत मान्यता मिळाली ती २००३ साली, बशीतल्या त्या प्रयोगानंतर ३५ वर्षांनी.

आता दर आठवड्याला शिरेतून एन्झाइम देतात. यकृत-प्लीहा आटोक्यात येतात, श्वास सुधारतो. मेंदूपर्यंत मात्र ते पोचत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत त्याला अडवते. बशीत अशी भिंत नव्हती, म्हणून बशीला ते सांगता आलं नाही.

दुसरी भिंत पैशाची. मूल वाढेल तसा डोस वाढतो, तसा खर्चही, आणि तो जन्मभराचा. आपल्याकडे २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली मुंबईच्या केईएमसारख्या केंद्रांत एका रुग्णामागे ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. ती संपली की पुढे काय, हा प्रश्न आईबापांच्या पदरात उरतो. बशीतल्या शेजारणीने तेच एन्झाइम फुकट दिलं होतं.