पवनाकाठचा प्रवासी आणि पुण्याची भुयारी रेल्वे

पवना नदीच्या काठी वसलेले पिंपळे गुरव हे एकेकाळचे शेतीप्रधान गाव. पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने येथे औद्योगिक क्षेत्र विकसित केले आणि परिसराचे रूप झपाट्याने पालटले. १९७० साली स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड नगरपालिकेचे १९८२ साली महानगरपालिकेत रूपांतर झाले. आज पिंपळे गुरव दाट वस्तीचे उपनगर आहे. कोणी भोसरीच्या कारखान्यात, कोणी शिवाजीनगरच्या कचेरीत, कोणी स्वारगेट परिसरातील दुकानात कामाला जातो. मात्र पुण्याकडे निघालेल्या येथील रहिवाशाला कासारवाडी वा दापोडीच्या दिशेने जायचे तर पहिल्यांदा पवना ओलांडावी लागते.

पैलतीरी पोहोचल्यावर त्याच्यापुढे फार पर्याय नसत. १८५८ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग पुण्यास पोहोचला. १९७८ साली पुणे-लोणावळा उपनगरी गाडी सुरू झाली आणि कासारवाडी व दापोडी या स्थानकांचा पवनाकाठच्या नोकरदारांना मोठा आधार झाला. परंतु या गाड्यांची संख्या बेताची. दुसरा मार्ग रस्त्याचा. दापोडीहून बोपोडीस जाताना मुळा नदीवरचा ब्रिटिशकालीन हॅरिस पूल लागतो. त्याच्या जोडीला समांतर पूल उभारण्यात आले, तरी वाहनांच्या वाढीपुढे तेही अपुरे वाटू लागले. या पार्श्वभूमीवर पुण्याच्या मेट्रो रेल्वेकडे, आणि विशेषतः तिच्या भुयारी भागाकडे, पाहावयास हवे.

भुयारी रेल्वेचा उगम

'सबवे' या शब्दाने पुण्याच्या नागरिकाला रस्त्याखालून जाणारा पादचारी मार्ग आठवतो. ब्रिटनमध्येही या शब्दाचा रूढ अर्थ तोच आहे. न्यूयॉर्कमध्ये मात्र २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झालेल्या भुयारी रेल्वेलाच 'सबवे' हे नाव मिळाले. जगातील पहिली भुयारी रेल्वे त्याहूनही जुनी आहे. लंडनमध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन या मार्गावर ती १० जानेवारी १८६३ रोजी धावली. रस्ता खणून चर पाडावयाचा, त्यात लोहमार्ग घालावयाचा आणि वर कमान बांधून तो झाकून टाकावयाचा, अशी तिची रचना होती. गाडी ओढणारे इंजिन वाफेचे असल्याने भुयारात धूर कोंडत असे. १८९० साली लंडनमध्येच विजेवर चालणारी खोल भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा ही अडचण दूर होण्याचा मार्ग सापडला. १८९६ साली बुडापेस्टने आणि १९०० साली पॅरिसने हा मार्ग अनुसरला. 'मेट्रो' हा आज सर्वतोमुखी झालेला शब्दही लंडन आणि पॅरिस येथील 'मेट्रोपोलिटन' रेल्वेच्या नावातून आलेला आहे.

भारतात हा मान कलकत्त्याला मिळाला. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी तेथे एस्प्लनेड ते भवानीपूर हा सुमारे ३.४ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. त्यापूर्वीची कित्येक वर्षे कलकत्तेकरांनी खणलेल्या रस्त्यांचा त्रास सोसला होता. २००२ साली दिल्लीत आणि २०१४ साली मुंबईत मेट्रो धावू लागली. २०१९ साली नागपूरही या मालिकेत आले.

पुण्यातील वाटचाल

पुण्याच्या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१६ मध्ये मंजुरी दिली आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेस भूमिपूजन झाले. केंद्र व राज्य शासन यांच्या समान भागीदारीतील महाराष्ट्र मेट्रो रेल्वे महामंडळाकडे हे काम सोपविण्यात आले. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी असे दोन मार्ग आखण्यात आले. त्यांपैकी पहिला मार्ग उत्तर-दक्षिण जाणारा असून पिंपळे गुरवच्या रहिवाशास तोच जवळचा आहे.

६ मार्च २०२२ रोजी या मार्गाचा पिंपरी-चिंचवड महानगरपालिका भवन ते फुगेवाडी हा टप्पा सुरू झाला. तेव्हा किमान भाडे १० रुपये होते. कासारवाडी व फुगेवाडी ही स्थानके खुली झाली. परंतु गाडी फुगेवाडीसच थांबत असल्याने पुण्याच्या प्रवाशाला तिचा उपयोग मर्यादित होता. १ ऑगस्ट २०२३ रोजी दापोडी, बोपोडी व शिवाजीनगरमार्गे जिल्हा न्यायालयापर्यंत सेवा पोहोचली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या अखेरच्या भुयारी टप्प्याचे उद्घाटन होऊन मूळ मार्ग पूर्ण झाला.

भुयार का आणि कसे?

पिंपरीपासून खडकीच्या पुढेपर्यंत मार्ग खांबांवर उभारला आहे. जुन्या मुंबई-पुणे महामार्गाची रुंदी तेथे उपयोगी पडली. शिवाजीनगरच्या पुढे मात्र तशी जागाच नव्हती. कसबा, बुधवार, शुक्रवार या पेठांतील अरुंद गल्ल्या आणि जुने वाडे यांमध्ये खांब उभारावयाचे तर शेकडो घरे पाडावी लागली असती. म्हणून शिवाजीनगर ते स्वारगेट हा सुमारे सहा किलोमीटरचा भाग जमिनीखालून नेण्यात आला.

जाण्याचा एक आणि येण्याचा एक, असे दोन समांतर बोगदे खोदण्यासाठी एका बाजूने कृषी महाविद्यालयाच्या आवारातून आणि दुसऱ्या बाजूने स्वारगेटहून यंत्रे उतरविण्यात आली. त्यांना मुळा, मुठा आणि पवना अशी नावे देण्यात आली होती. यंत्राच्या तोंडाशी असलेली फिरती पोलादी चकती काळा कातळ फोडते आणि निघालेला राडारोडा पट्ट्यावरून मागे नेला जातो. पाठोपाठ काँक्रीटचे वक्र तुकडे जुळवून कड्याकड्याने बोगद्याचे अस्तर तयार होते आणि त्याच कड्याला रेटा देऊन यंत्र पुढे सरकते. लंडन वा कलकत्ता येथील पद्धतीप्रमाणे संपूर्ण रस्ता उखडावा लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय. मुठा नदीही बोगद्याने पात्राखालूनच ओलांडली आहे. जून २०२२ मध्ये बोगद्यांचे खोदकाम पूर्ण झाले.

स्थानकांसाठी मात्र वरून खोदणे अटळ होते आणि त्याची किंमतही मोजावी लागली. शिवाजीनगर येथील कामगार पुतळा वसाहतीतील कुटुंबांना वर्षानुवर्षांची वस्ती सोडून शहराच्या अन्य भागांतील सदनिकांत जावे लागले. पेठांतील काही कुटुंबे व व्यावसायिक यांच्याही वाट्याला स्थलांतर आले. प्रवाशाचा वेळ वाचतो, त्यात या कुटुंबांचाही वाटा आहे, याची जाणीव राहणे अगत्याचे आहे.

प्रवाशाचा अनुभव

कासारवाडी वा दापोडीस गाडीत बसलेला प्रवासी आरंभी उजेडातून जातो. बोपोडीच्या अलीकडे मुळेचे पात्र आणि हॅरिस पुलावरची वाहनांची रांग खाली दिसते. ज्या रांगेत आपण काल उभे होतो ती आज वरून पाहताना त्याला मिळणारा दिलासा शब्दांत सांगण्याची गरज नाही. पुढे गाडी उतारास लागते, खिडक्यांबाहेर अंधार होतो आणि शिवाजीनगरचा फलाट उजळून समोर येतो. त्यानंतरचे जिल्हा न्यायालय हे स्थानक जुन्या शासकीय धान्य गोदामाच्या जागेवर उभे आहे. जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल असलेल्या या स्थानकात छतातून सूर्यप्रकाश थेट फलाटापर्यंत यावा, अशी योजना आहे. वनाज-रामवाडी मार्ग येथेच उंचावरून जातो. त्यामुळे मार्ग बदलणाऱ्या प्रवाशास सरकत्या जिन्यांची मोठी चढण चढावी लागते. नवख्या माणसाला, विशेषतः वृद्धांना, हे स्थानक प्रथम गोंधळात टाकते; दोनचार खेपांनंतर ते सवयीचे होते.

मंडई स्थानकातून वर येताच १८८६ साली उघडलेल्या मंडईचा परिसर, भाजीचे गाळे आणि हमालांची लगबग समोर येते. २०२५ चा गणेशोत्सव हा भुयारी मार्ग पूर्ण झाल्यानंतरचा पहिलाच उत्सव होता. कसबा पेठ व मंडई या स्थानकांवर तेव्हा भाविकांची रीघ लागली आणि विसर्जनासाठी रात्रभर गाड्या चालविण्यात आल्या. वाहन कोठे उभे करावे या विवंचनेपायी पेठांतील गणपती पाहणे सोडून दिलेल्या उपनगरवासीयांना ही वाट नव्याने खुली झाली.

नहर आणि हौद

जमिनीखालून वाहतूक ही पुण्याला सर्वस्वी नवी गोष्ट नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नहरीने थेट शनिवारवाड्यापर्यंत आणण्यात आले. केवळ उताराच्या बळावर हे पाणी वाहत असे. ठिकठिकाणी बांधलेल्या उच्छ्वासांतून नहरीत हवा खेळे आणि सफाईसाठी माणसाला आत उतरता येई. मेट्रोच्या कामात २०१९ साली स्वारगेट येथे एक जुना भुयारी जलमार्ग आढळला, तेव्हा या विस्मृत स्थापत्याकडे पुणेकरांचे लक्ष पुन्हा वेधले गेले. योगायोग असा की, २०२४ साली केंद्र शासनाने मंजूर केलेला स्वारगेट-कात्रज हा सुमारे साडेपाच किलोमीटरचा विस्तारही भुयारी असून, ज्या कात्रजहून नहर निघाली त्याच दिशेने तो जाणार आहे.

नहरीपासून घेण्यासारखा बोध तिच्या बांधणीपुरता नाही. पाणी शनिवारवाड्यापर्यंत आले म्हणून नागरिकाची तहान भागली नाही. पेठांपेठांतून हौद बांधले गेले आणि घागर घेऊन चार पावलांत तेथे पोहोचता येऊ लागले, तेव्हा ती भागली. कसबा पेठ स्थानकाजवळच्या चौकाला फडके हौद हे नाव आजही आहे. जलमार्गाला जे हौदाचे महत्त्व, तेच रेल्वेला स्थानकाच्या वाटेचे.

पिंपळे गुरवच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा आहे. नकाशावर कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी ही स्थानके हाकेच्या अंतरावर दिसतात. प्रत्यक्षात पूल गाठण्यासाठी वळसा पडतो. कासारवाडीच्या बाजूस तर नदी, लोहमार्ग आणि महामार्ग असे तीन पदर ओलांडावे लागतात. स्वतःची दुचाकी असलेला तरुण हे अंतर सहज कापतो. परंतु घरकामास जाणारी महिला, शिकवणीस निघालेली मुलगी वा रुग्णालयात जाणारा वृद्ध यांच्यापुढे रिक्षाचे भाडे किंवा बसची प्रतीक्षा असे दोनच मार्ग उरतात. मेट्रोच्या तिकिटाहून रिक्षाचे भाडे अधिक होत असेल, तर बोगद्यात वाचलेली मिनिटे त्या प्रवाशाच्या पदरात पडत नाहीत.

त्यावरील उपाय बोगद्याइतके खर्चिक नाहीत. स्थानकाशी वेळापत्रक जुळलेल्या लहान बसगाड्या, पुलावर अखंड व उजेडी पदपथ, लोहमार्ग ओलांडण्याची सुरक्षित सोय आणि स्थानकाशी दुचाकी व सायकली ठेवण्यास जागा, एवढ्याने पुष्कळ काही साधेल. मेट्रोच्या डब्यात सायकल नेण्याची मुभा आहे. मात्र ती स्थानकापर्यंत निर्धास्त नेता येईल असा रस्ता हवा. महामंडळ, महानगरपालिका आणि परिवहन सेवा यांनी मिळून हे हौद बांधावयाचे आहेत. निगडीपर्यंतच्या विस्ताराचे काम हाती घेण्यात आले असून मार्गाची लांबी वाढतच जाईल. पवनेच्या अलीकडील घराच्या उंबरठ्यापासून स्थानकाच्या पहिल्या पायरीपर्यंतचे अंतर त्याच गतीने कमी होत गेले, म्हणजे या भुयाराचे श्रम खऱ्या अर्थाने सार्थकी लागतील.