तापीचा जलमार्ग आणि तापीकांठचें मद्य

तापीच्या कांठीं फिरणाऱ्या मनुष्यास अलीकडे दोन गोष्टी वारंवार ऐकूं येतात. पहिली अशी कीं, मोगल अमदानींत बऱ्हाणपुराहून सुरतेपर्यंत तापींतून मालाचीं गलबतें चालत असत. दुसरी अशी कीं, ह्या खोऱ्यांत पूर्वीं द्राक्षांचे मळे पिकत आणि त्यांचें मद्य त्याच गलबतांतून खालीं जाई. हतनूरच्या पाण्यावर नौकाविहाराच्या गोष्टी निघूं लागल्यापासून ह्या कथांस विशेष बहर आला आहे. यूरोपांत द्राक्षमद्याच्या प्रांतांतून नौकेनें चार-दोन दिवस हिंडण्याची चाल आहे. तसें आपल्याकडेही होतें असें दाखविण्याचा मोह कोणासही व्हावा. पण मोह निराळा व प्रमाण निराळें. ह्या दोन्ही विधानांस आधार काय, आणि आधार नसल्यास खरें काय होतें, एवढें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम नदीविषयीं. तापी मुलताईजवळ उगम पावून सुमारें ७२४ किलोमीटर वाहून सुरतेखालीं समुद्रास मिळते. खानदेशांत तिच्या उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग. मध्यें काळ्या मातीचें विस्तीर्ण मैदान, आणि त्या मैदानांत खोल कापीत गेलेलें पात्र. कांठ इतके उंच कीं, नदीच्या अगदीं जवळ जाईपर्यंत नदी आहे असेंही कळत नाहीं. पावसाळ्यांत हें पात्र भयंकर पुरानें भरतें, आणि उन्हाळ्यांत खडकांच्या धारांमधून डोहाडोहांनीं पाणी उरतें. पुरांत नाव टिकत नाहीं व उन्हाळ्यांत ती चालत नाहीं. समुद्राची भरती सुरतेच्या वर थोड्या अंतरापर्यंत येते. गलबतांची मर्यादा तेथेंच संपते.

आज चांगदेवाच्या संगमावर नावेंत बसून तासभर संथ पाण्यावरून जातां येतें, तें केवळ १९८२ मध्यें पूर्ण झालेल्या हतनूर धरणामुळें. तापी व पूर्णा यांचा संगम धरणाच्या वर आहे. पाणी तुंबून पसरल्यामुळें पूर्वींच्या दोन धारा आतां एका सरोवरासारख्या दिसतात. कांठावर चांगदेवाचें हेमाडपंती देवालय; जवळच मेहूण, जेथें शके १२१९ (इ. स. १२९७) मध्यें मुक्ताबाई अंतर्धान पावल्याची परंपरा आहे. हिवाळ्यांत दूरदेशींचे पक्षी येथें उतरतात. हा प्रवास रमणीय आहे. मीं तो दोन वेळां केला आहे आणि शक्ति असेल तर तिसऱ्यांदाही करीन. परंतु त्या पाण्यावरून मोगलांची नाव गेली असें नावाड्यानें सांगितलें म्हणजे तें पाणीच त्या काळीं तेथें नव्हतें हें विसरतां येत नाहीं.

आतां ग्रंथांचा पुरावा. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत नावध्यक्ष ह्या अधिकाऱ्याचें प्रकरण दिलें आहे. त्यांत तो नद्यांचे दोन वर्ग करतो. ज्या महानद्या हिवाळ्यांत व उन्हाळ्यांतही नावेनेंच तराव्या लागतात त्यांवर मोठ्या नावा ठेवाव्या. ज्या केवळ पावसाळ्यांत वाहतात त्यांवर लहान. ह्या ठिकाणीं वाचकांनीं 'तार्य' ह्या शब्दाकडे लक्ष द्यावें. तॄ धातूचा अर्थ येथें पलीकडे जाणें असा आहे. नदीच्या लांबीनें प्रवास करणें असा नव्हे. त्याच धातूपासून आपला 'उतार' हा शब्द आला. खानदेशांत नदीचा उतार म्हणजे ती ओलांडण्याची जागा. दख्खनच्या नद्यांशीं लोकांचा व्यवहार मुख्यतः आडवा होता, उभा नव्हता, हें भाषाच सांगते. थाळनेर, सारंगखेडें, प्रकाशें हीं तापीवरील गांवें ह्याच दृष्टीनें पाहिलीं पाहिजेत. थाळनेर ही फारूकी राजांची प्रारंभींची राजधानी; तिचा किल्ला नदीच्या कांठीं आहे तो पार होण्याच्या जागेवर नजर ठेवण्यासाठीं.

प्रवाशांचीं वृत्तेंही हेंच सांगतात. इब्न बतूता १३४२ च्या सुमारास दौलताबादेहून नंदुरबारास आला व तेथून पुढें खंबायतेकडे गेला, तो जमिनीवरून. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ मध्यें सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला, तो नंदुरबार, थाळनेर, चोपडें ह्या वाटेनें, गाड्या व जनावरें घेऊन. पुढें ताव्हर्निये ह्या फ्रेंच जवाहिऱ्यानेंही सुरत-बऱ्हाणपूर रस्त्याच्या मुक्कामांत नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडें हींच नांवें दिलीं आहेत. वाट नदीच्या खोऱ्यांतून, पण नदीच्या बाहेरून. सुरतेस समुद्रावरून आलेला हा मनुष्य जलप्रवासास भिणारा नव्हता. मार्ग असता तर त्यानें तो घेतलाच असता.

ह्याहून बळकट प्रमाण १६३० ते १६३२ च्या दुष्काळाचें आहे. त्या वेळीं शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठीं बऱ्हाणपुरास तळ देऊन होता. गुजराथ, खानदेश व दख्खन ह्या तिन्ही प्रांतांत अन्नान्नदशा झाली. पीटर मंडी हा इंग्रज ह्याच काळांत त्या वाटेनें गेला. त्यानें वंजाऱ्यांचे हजारों बैलांचे तांडे धान्य वाहतांना पाहिल्याचें लिहिलें आहे. बादशहाचें लष्कर उपाशी असतां धान्य बैलांच्या पाठीवरून यावें आणि तुडुंब भरणारी नदी जवळून वाहत असावी, ह्याचा अर्थ एकच. तापींत नावा होत्या, पण त्या ह्या कांठावरून त्या कांठास जात. १६३१ मध्यें मुमताज महल बऱ्हाणपुरांत वारली तेव्हां तिचें शव पलीकडील झैनाबादच्या बागेंत प्रथम पुरण्यांत आलें. तोही नदीचा आडवाच ओलांडा.

येथें कोणी म्हणेल कीं, यूरोपांतील नद्या तरी सर्व सुगम होत्या काय? शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तर मनोरंजक आहे. पोर्तुगालांतील डुरो नदी तापीसारखीच खडकाळ व दुर्धर होती. परंतु तिच्या उतरणींवर द्राक्षांचे मळे होते. १७५६ मध्यें मार्क्विस द पोंबाल ह्या प्रधानानें त्या मद्यप्रांताच्या सीमा कायद्यानें आंखून दिल्या. मद्याचीं जड पिंपें डोंगरांतील खेंचरांच्या वाटांनीं न्यावीं तर फुटत व खर्च भारी होई. म्हणून राबेलो नांवाच्या सपाट बुडाच्या नौका वापरांत होत्या, आणि अठराव्या शतकाच्या शेवटीं व्हलैरा येथील धबधब्याचे खडक सुरुंग लावून फोडण्यांत आले. तरीही नदी निर्धोक झाली नाहीं. त्या नदीचा नकाशा काढणारा फॉरेस्टर नांवाचा इंग्रज व्यापारी १८६१ मध्यें ठीक त्याच जागीं नाव उलटून बुडाला. विसाव्या शतकांत धरणें बांधतांना नौका चढवण्या-उतरवण्याचीं जलद्वारें ठेवलीं, म्हणून आज तेथें प्रवासी नौका चालतात. सारांश, नदीस मार्ग बनवितें तें पाणी नव्हे, माल. बऱ्हाणपूरचा माल तलम कापड. तो बैलावर सुखानें जाई. त्यासाठीं तापीचे खडक फोडण्याचें कोणास कारण पडलें नाहीं. पुढें १९०० च्या सुमारास सुरत-भुसावळ लोहमार्ग ह्याच खोऱ्यांतून गेला. हतनूर किंवा उकाई हीं धरणें सिंचनासाठीं व पूर आवरण्यासाठीं बांधलीं गेलीं. त्यांच्या योजनेंत नौकानयन नव्हतें.

आतां मद्याकडे वळूं. 'द्राक्षांचे मळे' ह्या विधानास तर ह्याहूनही कमी आधार आहे. कौटिल्याच्या सुराध्यक्षप्रकरणांत मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे सहा प्रकार आहेत. त्यांत मधु म्हणजे द्राक्षरस, आणि त्याचीं नांवें देशावरून पडलेलीं: कापिशायन व हारहूरक. कापिशी हें नगर पाणिनीसही ठाऊक आहे. कापिशायन हें रूप साधण्यासाठीं त्यानें स्वतंत्र सूत्र केलें आहे. हें नगर म्हणजे आजच्या अफगाणिस्थानांतील बेग्राम. द्राक्षमद्य दुरून येई. म्हणूनच त्याचें नांव त्याच्या देशावरून पडलें. दौलताबादेस वर्षांतून दोनदां फळणारीं द्राक्षें व डाळिंबें आहेत असें इब्न बतूता लिहितो खरा; पण तें खाण्याच्या फळांविषयीं, शिवाय घाटाच्या वरच्या प्रदेशाविषयीं. नाशिकच्या द्राक्षमद्याचा उद्योग तर अगदीं कालचा. महाराष्ट्र शासनाचें त्याविषयींचें धोरण २००१ सालचें आहे. त्यास तापीच्या पदरीं बांधणें योग्य नव्हे.

मद्य पिणाऱ्यांचें चित्र मात्र तापीच्या खोऱ्यांत अवश्य आहे, आणि तें फार प्रसिद्ध आहे. अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहणारी वाघूर पुढें जळगांव जिल्ह्यांतून तापीस मिळते. तेथील पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी वेषांतील, हातीं पेला घेतलेले लोक रंगविले आहेत. हा इराणचा बादशहा दुसरा खुस्रू असावा असा तर्क फर्ग्युसननें केला होता. परंतु तें लेणें आतां बहुतेक विद्वान वाकाटक हरिषेणाच्या काळांत, म्हणजे पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत घालतात. खुस्रू त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनीं झाला. खुस्रू गेला तरी पेला राहिला. पेल्यांतील पेय चित्रकाराच्या दृष्टीनें परदेशीय होतें, एवढें त्या पोशाखांवरून अनुमानितां येतें. आणि तें कापिशायनाच्या कल्पनेशीं जुळतें.

मोगल राजपुत्रांच्या पानासक्तीची कथा ह्याहून दुःखद आहे. अकबरानें १६०१ मध्यें असीरगड घेतला आणि धाकटा मुलगा दानियाल याच्या नांवावरून खानदेशास 'दानदेश' असें नांव दिलें. त्याच दानियालास दारूचें व्यसन जडलें. बापानें बंदी केली, सासरा खानखानान अब्दुर्रहीम यानें पहारे बसविले. तेव्हां नोकरांनीं त्याच्याच आवडत्या बंदुकीच्या नळींत दारू भरून आंत नेली. गंज व दारूचा जुना मळ तीत मिसळला, आणि १६०५ मध्यें राजपुत्र बऱ्हाणपुरांत मेला. हें जहांगीरानें आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे. दहा वर्षांनीं रो त्याच नगरांत जहांगीराचा मुलगा परवीझ यास भेटला. नजराण्यांत मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती. राजपुत्रानें पुन्हां एकांतांत भेटण्याचें कबूल केलें होतें. परंतु पेटीनें आपलें काम केलें आणि ती भेट झालीच नाहीं. परवीझही १६२६ मध्यें तेथेंच मद्यपानानें क्षीण होऊन वारला. जो प्रांत एका राजपुत्राच्या नांवानें ओळखला जावयाचा होता, त्यास लोकांनीं खानदेशच म्हटलें.

राजवाड्यांतील मद्य बाहेरचें. मग ह्या भूमीचें स्वतःचें मद्य कोणतें? तें मोहाचें. मनुस्मृतींत सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन भेद आहेत, आणि कुल्लूकभट्ट माध्वीचा अर्थ मधूकाच्या फुलांची असा करतो. अमरकोशांत मधूकास गुडपुष्प व मधुद्रुम हीं नांवें आहेत. ज्याच्या फुलांत गूळ आहे तें झाड. सातपुड्याच्या उतारांवर फाल्गुन-चैत्रांत हीं फुलें रात्रीं गळतात, आणि भिल्ल व पावरा कुटुंबें पहांटे तीं वेंचतात. वाळविलेलीं फुलें वर्षभर टिकतात; तीं भाजून, दळून खाल्लीं जातात, गुरांस घातलीं जातात, आणि भिजवून, आंबवून त्यांची दारू काढली जाते. जन्म, लग्न, मरण, देवपूजा ह्या प्रत्येक प्रसंगीं तिचा थेंब जमिनीवर पडतो. ज्यास प्राचीन परंपरेचें मद्य म्हणावें असें तापीच्या उत्तरकांठीं हेंच एक आहे. पण ह्या परंपरेस गलबतांच्या कथेंत जागा नाहीं.

त्याचें कारण कायद्यांत शोधलें पाहिजे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें दारू गाळण्याचा हक्क सरकारनें आपल्या हातीं घेतला. मक्तेदाराच्या दुकानावर कर भरून मिळेल ती दारू कायदेशीर, आणि घरची भट्टी हा गुन्हा. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें तें बंधन अधिक कडक झालें. मद्यानें आदिवासी कुटुंबांचें नुकसान झालें नाहीं असें मी म्हणत नाहीं. त्यांच्यांतूनच त्याविरुद्ध चळवळी उठल्या. १९२२ ची देवीची चळवळ खानदेशाच्या सीमेवरून गुजराथेंत पसरली आणि तीत दारू सोडण्याचा आदेश मुख्य होता. पुढील दशकांत तळोदें तालुक्यांत संत गुलाम महाराजांनींही तेंच सांगितलें. परंतु स्वेच्छेनें सोडणें व गुन्हा ठरणें ह्या दोन भिन्न गोष्टी होत. दुसरीमुळें फुलें वेंचणारी बाई शिपायास भिऊं लागली. फुलें गोळा करणें, सांठविणें व नेणें यांवरील निर्बंध महाराष्ट्र शासनानें २०२१ मध्यें उठविले, ते ह्या पार्श्वभूमीवर पाहावे.

तात्पर्य, हतनूरच्या नावेंत बसणाऱ्यास सांगावयाचें तें उत्तरेकडील निळ्या रांगेकडे बोट दाखवून सांगावें. तापीवरील उतारांविषयीं एक काम मात्र अजून व्हावयाचें आहे. थाळनेर, सारंगखेडें, प्रकाशें, मुडावद येथील भोई व कोळी घराण्यांत नाव चालविण्याच्या मक्त्याचे, उताऱ्याच्या दराचे किंवा नदीच्या हक्कासंबंधीं भांडणाचे कागद असल्यास ते वाळवीच्या तोंडीं पडण्यापूर्वीं त्यांच्या नकला व्हाव्यात. ज्यांच्या पाहण्यांत असे कागद असतील त्यांनीं गांव, घराणें व कागदाचा शक मंडळाकडे कळवावा. मूळ कागद मालकांजवळच राहतील.