विश्लेषण : आवाज ऐकून जंगलातील पक्षी मोजता येतात का?

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत जंगल आणि वस्ती एकमेकांना लागूनच आहेत. साखरशेतसारख्या गावात पहाटे कोणता पक्षी बोलला, हे ओळखायला जाणत्या माणसाला घराबाहेर पडावे लागत नाही. आता हेच ऐकण्याचे काम झाडाला बांधलेले एक लहान यंत्र दिवसरात्र करू शकते. जगभरात वन्यजीवांच्या नोंदी ठेवण्यासाठी अशा ध्वनिमुद्रक यंत्रांचा वापर वाढतो आहे. ही यंत्रे काय साधतात, कुठे कमी पडतात आणि गावाशी त्यांचा संबंध काय, याविषयी…

हे यंत्र काय करते?

यंत्रात मायक्रोफोन, बॅटरी आणि मोबाइलमध्ये असते तसे मेमरी कार्ड असते. ‘ऑडिओमॉथ’ हे प्रचलित यंत्र साधारण काडेपेटीएवढे असून ते तीन पेन्सिल सेलवर चालते. कधी सुरू व्हायचे आणि कधी बंद, हे त्यात आधीच ठरवून देता येते. अखंड मुद्रण केल्यास चांगल्या दर्जाच्या आवाजाला तासाला सुमारे ३५० एमबी जागा लागते. म्हणजे ६४ जीबीचे कार्ड आठवडाभरात भरते. म्हणून दर १५ मिनिटांतील पाचच मिनिटे मुद्रण करण्यासारखे वेळापत्रक लावतात. मग तेच कार्ड तीन आठवडे पुरते. काही यंत्रे माणसाला ऐकू न येणारे, २० हजार हर्ट्झच्या वरचे आवाजही टिपतात. त्यामुळे वटवाघळांचा अभ्यासही करता येतो.

इतके तास ऐकणार कोण?

एका यंत्राचे महिनाभराचे अखंड मुद्रण ७२० तासांचे होते. ते सगळे माणसाने ऐकणे अशक्य. त्यासाठी संगणक प्रणाली वापरतात. अमेरिकेतील कॉर्नेल पक्षीविज्ञान प्रयोगशाळा आणि जर्मनीतील केम्निट्झ तंत्रज्ञान विद्यापीठ यांची ‘बर्डनेट’ ही प्रणाली मुद्रणाचे तीन-तीन सेकंदांचे तुकडे करते. प्रत्येक तुकड्यातील आवाज कोणत्या पक्ष्याचा असावा आणि त्याची खात्री किती, हे ती सांगते. मात्र हा अंदाज असतो. अंतिम पडताळणी जाणकार माणसानेच करायची असते.

या भागासाठी ते महत्त्वाचे का?

याचे चांगले उदाहरण म्हणजे रानपिंगळा. १८७३ मध्ये शास्त्राला माहीत झालेला हा लहान घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर दिसलाच नाही. तो नामशेष झाल्याचे मानले जात असताना नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला. पुढे ऑक्टोबर २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यात आढळला. सातपुड्यापासून इतक्या दूर, उत्तर सह्याद्रीत तो मिळाल्याने अभ्यासकांचे लक्ष या भागाकडे वळले.

अडचण अशी, की गावागावांत दिसणारा साधा पिंगळा आणि रानपिंगळा दुरून सारखेच वाटतात. आवाज मात्र वेगळे आहेत. साध्या पिंगळ्याचा कलकलाट कर्कश असतो, तर रानपिंगळ्याची साद मोकळी आणि गोड. शिवाय तो दिवसाही बोलतो. त्याच्या आवाजाचा पद्धतशीर अभ्यास रासमुसेन आणि फराह इश्तियाक यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. जगात याचे एक हजाराहून कमी प्रौढ पक्षी असावेत, असा अंदाज आहे. तो झाडांच्या ढोलीत घरटे करतो. त्यामुळे त्याचा आवाज नेमका कोठे टिपला गेला हे कळले, तर तेथील ढोलीची जुनी झाडे राखण्याला ठोस आधार मिळतो.

इतरत्र काय अनुभव आहे?

भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी महाराष्ट्रातील लांडग्यांच्या आरोळ्या मुद्रित केल्या. आरोळीवरून एकेक लांडगा वेगळा ओळखता येऊ शकतो, असे त्यांनी २०२१ मध्ये मांडले. माळरानावर फिरणाऱ्या या प्राण्याला न पकडता त्याची मोजणी करण्याचा हा मार्ग ठरू शकतो. मध्य प्रदेशात घाणेरी काढलेले आणि न काढलेले जंगल यांतील फरक अभ्यासण्यासाठीही ध्वनिमुद्रण झाले आहे.

मर्यादा कोणत्या?

जव्हारचा पावसाळा ही पहिली अडचण. पानांवर धो-धो पाऊस पडत असताना दुसरे काही ऐकू येत नाही. रातकिड्यांचा आवाजही इतर आवाज झाकतो. न बोलणारा प्राणी यंत्राला कळत नाही. एकच पक्षी दहा वेळा ओरडला की दहा पक्षी ओरडले, हेही सहसा सांगता येत नाही. म्हणजे ‘आहे’ हे यंत्र सांगते. ‘किती आहेत’ हे सांगणे अवघड, आणि आवाज मिळाला नाही म्हणून पक्षी ‘नाही’ असेही म्हणता येत नाही.

यंत्र माणसांचेही ऐकते, त्याचे काय?

हा प्रश्न सर्वात नाजूक आहे. जंगलात मोहाची फुले, पाने, सरपण गोळा करायला माणसे जातात, बोलतात, गातात. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाभोवती केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकाने केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांमुळे तेथील महिला जंगलात मोकळेपणाने बोलेनाशा आणि गाईनाशा झाल्याचे त्यात आढळले. वाघाला चाहूल लागावी म्हणूनही त्या गात असत, म्हणजे त्यांच्या जिवाचाच प्रश्न होता. आवाज टिपणाऱ्या यंत्राबाबत ही भीती अधिकच खरी ठरते.

जव्हार आणि मोखाडा पाचव्या अनुसूचीत येतात, तेथे ‘पेसा’ लागू आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ नुसार वन्यजीव आणि जैवविविधतेच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेलाही आहे. म्हणून यंत्र कुठे, किती दिवस लागणार, मानवी बोलणे खोडले जाणार का आणि नोंदी गावाला मिळणार का, हे ग्रामसभेत आधी ठरणे आवश्यक आहे. कोणता आवाज कोणाचा आणि तो कोणत्या मोसमात येतो, हे ज्ञान याच लोकांकडे असते. त्यांना बाहेर ठेवून संगणकाचे अंदाज तपासता येणार नाहीत.

मोबाइलवर काय करता येईल?

‘मर्लिन’ हे मोफत अ‍ॅप आवाजावरून पक्षी सुचवते. नोंद करण्याआधी पक्षी स्वतः पाहून खात्री करावी. पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी त्याचा आवाज मोबाइलवर वाजवू नये, विणीच्या काळात तर मुळीच नाही. आणि रानपिंगळ्यासारख्या दुर्मीळ पक्ष्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये. ती वन विभागाला आणि अभ्यासकांना कळवावी.